दगडावरचे कृष्णराव

पहिलं अक्षर क होतं, म्हणून सगुणाबाई थांबल्या. मारुतीचं दर्शन घेऊन त्या भोकरदनच्या रस्त्यानं परत येत होत्या. उन्हं अजून कोवळी होती, आणि बलदियानं, म्हणजे नगरपालिकेनं, नव्यानं केलेल्या बागेच्या फाटकाशी रामकिसन पाथरवट उकिडवा बसून काळ्या दगडावर नाव कोरत होता. बाग आपल्या मालकांच्या नावानं व्हायची आहे हे त्यांना माहीत होतं. जमीन मालकांचीच, विहीर मालकांची, निंबाची झाडंही त्यांनीच वाढवलेली. त्यांना जाऊन काही वर्षं झाल्यावर का होईना बलदियाला आठवण झाली, यात नवल नव्हतं. तरी दगडावरचा तो क दिसला आणि त्या जवळ सरकल्या. सगुणाबाईंचं वाचणं म्हणजे लेकाच्या, धर्मराजच्या पाटीवरून उचललेलं. म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून रस्ता ओलांडून द्यावा तसं एकेक अक्षर त्या पलीकडे नेत असत. क झाला, आता च येणार, म्हणून त्यांनी डोळे तयार ठेवले. पण क च्या पायात आकड्यासारखं काहीतरी अडकलेलं होतं आणि त्याच्या पुढं एक जोडाक्षर अंग मुडपून बसलं होतं. त्याला ओलांडायला वेळ लागला. मग रा. मग व.

कृष्णराव.

आधी त्यांना हसू फुटलं. भर बाजारात घरच्या उघड्याबोडक्या वेशात कुणी ओळखीचं दिसावं, तसं झालं. अगं बाई, तुम्ही इथं कसे आलात? असंच त्या मनात म्हणाल्या. आणि मग ते हसू ओठांपर्यंत यायच्या आत कुठंतरी वाटेतच थिजलं.

"रामकिसन, हे काय कोरून राह्यला रे?"

"मालकाचं नाव, माय." रामकिसननं छिन्नी थांबवली नाही. "काकासाहेब वकिलांनी खडूनं काढून देल्लं. मी फकस्त त्याच्यावरून हात फिरवून राह्यलो."

"हे नाव?"

"आमाला बी कालच कळलं. कचरूभाऊ कचरूभाऊ म्हणून जलम गेला आमचा, अन् खरं नाव निघालं असं झ्याक! तुमाला तं ठाऊकच असंल म्हणा." तो आपल्याच बोलण्यावर हसला. "उद्या सकाळी तहसीलदारसाहेब येऊन बघणार, अन् मंग बराबर भिंतीत बसवायचा. जल्दी करा म्हणले."

रामकिसननं ते जुनं नाव किती सहज तोंडातून टाकलं होतं, सुपारीचं खांड टाकावं तसं. मालक गेल्यापासून सगुणाबाईंच्या कानावर ते नाव फार वेळा आलं नव्हतं. लोक त्यांच्यासमोर 'धर्मराजचे वडील' म्हणत. सासूबाई होत्या तोवर दिवसातून कितीदा तरी ते नाव घरात घुमायचं. सासूबाई गेल्या आणि घरात नाव घेणारं माणूसच उरलं नाही. बायकोनं घ्यायचं नाही, सुनेनं घ्यायचं नाही, लेकानं बापाचं नाव घ्यायचं कशाला. नावं अशी घराबाहेरच जगतात, असं सगुणाबाईंच्या एकदा मनात आलं होतं; घरात माणूस असतं, नाव बाहेर गावात हिंडून येतं. त्या चालायला लागल्या. मागून छिन्नीचा टकटक आवाज येत राहिला आणि प्रत्येक टोल्याला कृष्णराव दगडात आणखी थोडे आत जात राहिले.

कृष्णराव जन्मले ते रमाबाईंच्या ओसरीवर. काकासाहेब वकिलांच्या त्या पत्नी. मालकांनी तेव्हा केदारखेड्याची शेती भावाकडे सोपवून जालन्यात बिऱ्हाड केलं होतं. जिनिंगचे कारखाने धडाक्यात चाललेले, जाफराबादकडून कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, आणि गाडीवाल्यांना ओळखणारा, त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलणारा माणूस व्यापाऱ्यांना हवाच होता. संक्रांतीला रमाबाईंकडून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. सगुणाबाई नवं लुगडं नेसून गेल्या. वाटेनं चालताना त्या उखाणा घोळवत होत्या. शहरातल्या बायका नाव घेतल्याशिवाय सोडत नाहीत हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. केदारखेड्यात कधी अडचण आली नव्हती. तिथं गल्लीगल्लीला एक कचरू होता, एक दगडू होता, एक धोंडू होता. ज्या मायचं लेकरू जगत नाही ती असंच नाव ठेवते, हे तिथं ज्याला त्याला ठाऊक. पण रमाबाईंच्या ओसरीवर काचेची हंडी टांगलेली होती, बायकांच्या अंगावर रेशमी काठ होते, आणि त्यांच्या आधीच्या बाईनं मुकुंदराव म्हटलं होतं, त्याच्या आधीच्या बाईनं जगन्नाथपंत. वाण हातात आलं, सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे वळली, आणि सगुणाबाईंनी डोळे मिटून म्हटलं,

निंबाखालच्या विहिरीला दगडी काठ,
कृष्णरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट.

ते कुठून आलं हे त्यांना आजतागायत उमगलं नव्हतं. जीभ क वर गेली, च पाशी जायला निघाली, आणि काचेची हंडी पाहून वळली. "अगबाई, किती गोड नाव!" रमाबाई म्हणाल्या. "मग बाहेर म्हणतात ते लाडाचं होय?" सगुणाबाईंनी नुसतं "हूं" केलं आणि तिळगूळ तोंडात टाकला.

घरी येऊन जेवायला वाढताना त्यांनी खाली मान घालून ते सांगितलं. मालकांचा घास हातातच राहिला. मग ते असे हसले, असे हसले, की परसातला बैल कान टवकारून उभा राहिला. "मंग कृष्णरावाला वाढ की! का वकिलाकडूनच जेवून आले?" त्या दिवसापासून कृष्णराव घरात राहायला आले. भाजी खारट झाली की मालक म्हणायचे, "हे कृष्णराव न्हाई खाणार. आण हिकडं, कचरूला चालंल." नवं धोतर आणलं की, "हे कृष्णरावाचं. कचरूला जुनं दे." दोघांत काही बिनसलं, बोलणं बंद झालं, की त्या अबोल्याच्या दोनेक दिवसांनी ओसरीवरून आवाज यायचा, "कृष्णराव हायेत का घरात? असले तं इचारा त्यायला, पाणी भेटंल का म्हणून." आणि सगुणाबाईंना तांब्या भरून न्यावाच लागायचा. एकदा त्यांनी भीत भीत विचारलं होतं, राग तर नाही ना आला? तेव्हा ते म्हणाले, "राग कशाचा? तुझं माहेरचं नाव ठकू. आमी तांदळात अंगठीनं लिहून तुला सगुणा केलं, तवा कुणी इचारलं होतं का? तू माझा कृष्णराव केला. फिटमफाट."

पण पुढं मालकांनी स्वतःचं दुकान काढलं तेव्हा पाटीवर चांगलं नाव लावा, असं काकासाहेबांनी मालकांना एकदा सुचवलं होतं. कृष्णराव त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते, कुठलंही चालेल म्हणाले होते. मालक ओसरीवर बसलेले, सगुणाबाई दाराआड. मालक हसले नाहीत. म्हणाले, "काकासाहेब, माझ्या आधीची लेकरं मायच्या मांडीवरच गेली. माझ्या पाचवीला तिनं मला सुपात घातलं अन् उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या तुळजाबाईनं उचललं, अन् मूठभर कोंडा घेऊन मायला परत इकलं. कचऱ्यातलं लेकरू सटवाईला नको असतं, म्हणून मी राह्यलो. हे नाव मायनं उकिरड्यावर उभं राहून कमावलंय. ते पुसून दुसरं लावलं तं ती वर काय म्हणंल?" काकासाहेब चांगले गृहस्थ, ते "खरं आहे, खरं आहे" म्हणाले आणि चहा पिऊन गेले. दाराआड उभ्या असलेल्या सगुणाबाईंना त्या दिवशी कळलं की कृष्णराव ही फक्त दोघांचीच गोष्ट आहे. रमाबाईंकडे दर संक्रांतीला तेच नाव पुन्हा घ्यावं लागे तेवढं सोडलं, तर ती उंबऱ्याच्या आतच ठेवायची.

बागेवरून घरी आल्यावर त्या अंबाडीची भाजी निवडायला बसल्या. सून नंदाबाई चुलीपाशी होती. पानं तोडता तोडता सगुणाबाईंचे हात थांबत आणि पुन्हा चालू लागत. त्यांना वाटत होतं, आपण हे कुणाला सांगणार? दगडावर परका माणूस असता तर ओरडता आलं असतं. हा परका नव्हता. तो आपल्या ताटात जेवला होता, त्यानं अबोले मोडले होते. पण मालक उन्हातून घरी यायचे तेव्हा डोक्याच्या पागोट्यात सरकीचा तंतू अडकलेला असायचा, अंगाला कापसाच्या धुळीचा आणि बैलांचा वास असायचा, पायात काटा असेल तर ते उंबऱ्यावर बसून तो काढायला लावायचे. कृष्णरावांच्या पायात कधी काटा मोडला नाही. कृष्णरावांना कधी ताप आला नाही. मालक गेले त्या दिवशी कृष्णरावही गेले, कारण विधवेनं उखाणा कसला घ्यायचा. पण त्यांचं सुतक कुणी धरलं नाही. आणि आता हे न जन्मलेले, न मेलेले कृष्णराव बागेच्या भिंतीत उभे राहणार होते, आणि विहिरीच्या काठावर बसून गाडीवाल्यांशी तंबाखू चोळणारा माणूस कुठंच उरणार नव्हता. जाफराबादचे गाडीवाले अजून 'कचरूची विहीर' म्हणत. त्यांची लेकरं आता दगड वाचून 'कृष्णराव बाग' म्हणतील, आणि एक पिढी गेली की कोण कचरू?

"नंदा," त्या म्हणाल्या, "तो केर भरून टाक गं." आणि त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. केर. इतकी वर्षं त्या केर म्हणत आल्या होत्या, गाळ म्हणत आल्या होत्या, झाडलेलं म्हणत आल्या होत्या. तो दुसरा शब्द नावाच्या जवळचा म्हणून तोही त्यांनी तोंडात येऊ दिला नव्हता. नंदाबाई सून म्हणून आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी शिकली. सासऱ्यांचं नाव कसं घेणार? दोघी मिळून केर म्हणत. एका माणसासाठी घरातल्या बायका भाषेतून एक शब्द काढून बाजूला ठेवतात, आणि तो शब्द रिकाम्या पाटासारखा राहतो. त्याच्यावर कुणी बसत नाही. सगुणाबाईंनी भिंतीकडे तोंड करून ते नाव हळूच म्हणून पाहिलं. क पर्यंत जीभ गेली. पुढं जाईना. बाकी शरीर कितीही थकलं असेल, या एका बाबतीत ते आज्ञेत होतं.

दुपारी धर्मराज जेवायला आला. तो एका कारखान्याच्या कचेरीत कारकून होता, उर्दू चांगलं लिहायचा, आणि टोपी खुंटीला लावायच्या आधी झटकून पाहायचा.

"दगड पाह्यला का, माय?" त्यानं विचारलं.

"पाह्यला."

धर्मराजनं भाकरी कुस्करली. वर पाहिलं नाही. "मला ठाऊक होतं तू बोलशील."

"तूच सांगितलं का त्यांना?"

"मी कशाला सांगू? आधी बैठकीत कोणी म्हणे, मोठ्या साहेबाचं नाव द्या. कोणी म्हणे, माझ्या बापाचं द्या. तहसीलदारसाहेब म्हणले, जमीन ज्याची, नाव त्याचं. मंग काकासाहेब उठले अन् म्हणले, कचरू हे बोलवायचं नाव, असली नाव कृष्णराव. आमच्या घरच्यांनी खुद त्यांच्या बायकोच्या तोंडून ऐकलंय. झालं, बैठकीनं मंजूर केलं. मी तिथंच उभा होतो. काकासाहेब माझ्याकडं वळून म्हणले, बराबर ना, धर्मराज?"

"अन् तू?"

"मान हालवली."

"न्हाई म्हणायचं होतं."

"कसं म्हणू?" धर्मराजचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "भरल्या बैठकीत म्हणू का, की माझी माय हळदीकुंकवात खोटं बोलली?" मग ताटाकडे पाहत, "अन् वाईट काय हाये त्याच्यात? कचरू बाग म्हणलं तं लोक हसतील, माय. शाळेत मला किती हसायचे तुला न्हाई ठाऊक."

सगुणाबाईंना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी लेकाकडे पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या थेट बापासारख्या होत्या, आणि लाजला की तशाच लाल व्हायच्या. त्याच्या वाटणीला ते नाव वेगळंच आलं होतं, त्यात उकिरडाही नव्हता, तुळजाबाईही नव्हती, फक्त वर्गातल्या पोरांचं हसणं होतं. त्याला रागवावं असं त्यांना वाटलं नाही. त्यांनी त्याला आणखी एक भाकरी वाढली.

"वकिलानं मलाच का न्हाई इचारलं?" त्या जराशानं म्हणाल्या.

"तुला कसं इचारतील? तू सांगणार होती का?"

काकासाहेब रीतीनंच वागले होते. बायकोला नवऱ्याचं नाव विचारायचं नाही, सुनेला विचारायचं नाही, लेकाला 'तुझ्या बापाचं खरं नाव काय' म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी स्वतःच्या बायकोला विचारलं होतं. सगळ्यांनी एकमेकांची लाज राखली होती, आणि त्या लाजेतून हा दगड निघाला होता. धर्मराज हात धुऊन कचेरीत गेला. दुपारभर सगुणाबाई आडव्या झाल्या नाहीत. कारखान्याचा भोंगा झाला, गाड्या रित्या होऊन परत निघाल्या, चाकांचा आवाज दूर गेला. गप्प बसलं तर उद्या दगड बसेल, कुणाला काही कळणार नाही, धर्मराजची मान खाली जाणार नाही. बोललं तर भर लोकांत आपण खोट्या ठरू. आणि तरीही बोलायचं झालं, तर नुसतं 'हे नव्हे' म्हणून कसं भागेल? हे नव्हे तर कोणतं, असं कुणीतरी विचारणारच. त्यांना वाटलं, मालकांना विचारता आलं असतं तर ते म्हणाले असते, कृष्णरावाला इचार. आणि पहिल्यांदाच त्यांना त्या थट्टेचा राग आला. काही प्रश्नांना कृष्णराव पुरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नंदाबाईला घेऊन बागेत गेल्या. पदर डोक्यावरून नीट ओढला होता. फाटकाशी तहसीलदारसाहेब उभे होते, शेरवानी, हातात छडी, जाडजूड आणि हसऱ्या चेहऱ्याचे. काकासाहेब होते. मागं धर्मराज, नुकतीच झटकलेली टोपी घालून. दगड चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंतीला टेकवून ठेवला होता, आणि भिंतीत त्याच्यासाठी खाच करून ठेवलेली होती.

"या, या वहिनी," काकासाहेब मनापासून म्हणाले. "तुम्ही आलात, फार बरं झालं. पाहा, अक्षर कसं सुरेख आलंय."

सगुणाबाईंनी दगडाकडे पाहिलं नाही. "काकासाहेब, ते आमच्या मालकाचं नाव न्हाई."

छिन्नी पुसणारा रामकिसनचा हात थांबला. काकासाहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे? पण आमच्या हिनं तर तुमच्याच तोंडून, एकदा नव्हे, दर संक्रांतीला..."

"ते मी घेतलेलं. माझीच करणी हाये ती. त्याच्यात रमाबाईंचा दोष न्हाई, तुमचाही न्हाई. पण ते आमच्या घरातलं नाव होतं. बाहेरचं न्हाई."

"क्या बोल रहे बाई?" तहसीलदारसाहेबांनी विचारलं. काकासाहेबांनी अडखळत समजावलं. साहेबांच्या भुवया वर गेल्या. "तो फिर असली नाम?"

"साहेब, सगळं गाव कचरू म्हणायचं," काकासाहेब म्हणाले. "पण कचरू बाग? जरा विचार करा. लोक हसतील. आणि बैठकीत एकदा मंजूर झालंय."

"मंजूर किस के बोलने पे हुआ? इन बाई के. तो बदलेगा भी इन के बोलने पे. गांव क्या बोलता, वो हम को मालूम. घरवाली क्या बोलती, वो सुनना है." साहेब सगुणाबाईंकडे वळले, आणि त्यांनी छडी पाठीमागं नेली. "बोलो बाई. मरहूम का नाम क्या था?"

"साहेब, आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत," काकासाहेब घाईनं म्हणाले.

"अरे! तो पहले कैसे लिए?"

"ते उखाण्यात."

"तो अब भी उस में ले लो."

नंदाबाईनं मान खाली घातली. शेवटी काकासाहेबच हळू आवाजात म्हणाले, "उखाणा सुवासिनीनं घ्यायचा असतो, साहेब." तहसीलदारसाहेबांचं हसणं गेलं. "माफ करना, बाई," ते म्हणाले.

"मी सांगतो," धर्मराज पुढं आला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "साहेब, मेरे बाप का नाम मैं बोलता."

त्याला बोलायचं होतं, हे सगुणाबाईंना दिसलं; जे नाव त्यानं शाळेत असताना लपवलं होतं, ते तो आज माणसांत काढून द्यायला उभा राहिला होता, मायच्या वाटचं. त्यांना एवढं भरून आलं की त्यांनी त्याच्या दंडाला धरून त्याला मागं सारलं. "थांब. तुझं तू घरी घे. हे माझ्याकडून बिघडलंय."

त्यांनी डोळे मिटले नाहीत. समोर विहीर होती. काठावर एक गाडीवाला पोहरा ओढत होता. क वर जीभ गेली आणि नेहमीसारखी तिथंच अडली. आणि तेवढ्यात त्यांना सासूबाई दिसल्या, केदारखेड्याच्या दारात, दिवेलागणीच्या आधी, कमरेवर हात ठेवून शेताकडे तोंड करून उभ्या. सासूबाई काही नाव घेत नसत. त्या लेकराला जेवायला बोलवत. त्यात मान नव्हता, अपमान नव्हता, नुसती भाकरी गार होत चाललेली होती.

"कचरू," सगुणाबाई म्हणाल्या.

आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. गाडीवाल्यानं वळून पाहिलं. नंदाबाईनं पदर तोंडावर ओढला. वरून काही कोसळलं नाही, निंबाचं पान हललं नाही. एवढंच होतं? एवढ्याशा, दोन पावलांच्या अंगणासारख्या नावाच्या बाहेर आपण जन्मभर उभ्या होतो? त्यांना ते आणखी एकदा म्हणावंसं वाटलं, आता कुणासाठी नाही, जिभेला त्याची चव कशी लागते ते पाहायला. "कचरू," त्या पुन्हा म्हणाल्या, जरा हळू, आणि त्यांचा चेहरा असा झाला की काकासाहेब दुसरीकडे पाहायला लागले.

"वहिनी," काकासाहेब म्हणाले, पण आता त्यांच्या बोलण्यात जोर नव्हता, "लोक हसतील हो."

"हसू द्या की. बागेत माणसं हसायलाच येतात ना?"

तहसीलदारसाहेब मोठ्यानं हसले. "वकीलसाब, हमारे सगे मामू का नाम घसीटे मियां था. उन से पहले के बच्चे बचते नहीं थे, तो पैदा होते ही नानी ने आंगन में घसीटे. अस्सी साल जिए. उन के नाम पे कोई बाग बनाता तो मैं खुद पानी डालता." त्यांनी छडीनं दगडाकडे दाखवलं. "कचरू बाग. लिखो."

"पाटील लावायचं का?" रामकिसननं विचारलं. "का कचरूराव?"

"नुसतं," सगुणाबाई म्हणाल्या.

रामकिसननं दगडाभोवती एक चक्कर मारली. "नवा दगड यायला टाइम लागंल, साहेब. ह्याचंच मागलं अंग साफ करतो अन् तिकडून कोरतो. हे कृष्णराव भिंतीच्या आत जातील. कोणाला दिसणार न्हाईत."

"मंग ते आधी छिलून टाक," धर्मराज म्हणाला. "खोटं नाव कशाला ठेवायचं?"

"न्हाई," सगुणाबाई म्हणाल्या. "राहू दे. ते आतलंच माणूस हाये."

धर्मराजनं मायकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं असं नाही. घरातल्या कृष्णरावांची गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नव्हती, त्यानं लहानपणी भिंतीपलीकडून फक्त हसणं ऐकलं असेल. पण त्यानं टोपी काढून नंदाबाईच्या हातात दिली, बाह्या वर केल्या आणि दगडाच्या एका टोकाला हात घातला. दुसरं टोक रामकिसननं धरलं. दगड जड होता. दोघांनी तो कण्हत उचलला, आणि अक्षरं खाली जमिनीकडे वळायला लागली तशा सगुणाबाई नकळत एक पाऊल पुढं झाल्या.

"हळू रे," त्या म्हणाल्या. "लागंल त्यायला."